पाणबुडीवाल्याची घागर

तुझी घागर भरली. पयले हेच सांगतो, नाई तं बाकीचं तू ऐकणारच नाई.

काल अखजी झाली. घागर तुले पायजे तशीच आणली, लाल मातीची, रुंद तोंडाची. आत वाळा टाकला, तोंडावर खरबूज ठेवलं, गळ्याले सूत गुंडाळलं. पाणी मी सोता काढलं, बादलीनं. मोटर चालू होती, पण मोटरच्या पाण्याले लोखंडाचा वास येते असं तू म्हणे, मंग उगाच कायले वाद. वाद घालाले आता तू समोर नाई, अन् एकट्यानंच वाद घालणाऱ्याले लोक दवाखान्यात नेऊन दाखवतात.

अन् त्याचीबी भरली. आता हास.

हास, हास. उभ्या जन्मात जे केलं नाई ते मी काल केलं. ज्या माणसानं तुझ्या बापाचं जहाज समुद्रात फोडलं, त्या पाणबुडीवाल्याच्या नावानं तुझ्या नवऱ्यानं घागर भरली. का करीन? तू जाताजाता फासच तसा टाकून गेली. "त्याची घागर नसंल तं माह्यीबी नोका भरू. मी तहानलेली राहीन, पण एकटी पेणार नाई." असं म्हणून गेलेल्या बाईसंगं कोण भांडीन? भांडणात शेवटचा शब्द आपला राहावा म्हणून माणूस काय काय करते, पण तू तं थेट मरूनच गेली.

वनिताचा भाऊ पुण्याहून आला होता. आपल्या सुनेचं माहेर तिकडचं, त्याले आपल्या इकडचं काही ठाऊक नाई. मले म्हणे, बाबा, पितर तर भाद्रपदात असतात ना? मी त्याले सांगतलं, बाप्पा, आमच्याकडं अखजीले, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेलेबी येतात. वैशाखाचं ऊन पाहून राह्यला ना तू? या उन्हात गेलेल्या माणसालेबी तहान लागते. म्हणून त्याच्या नावाची घागर भराची, अन् त्याच्या जागी एखाद्या जित्या माणसाले पाटावर बसवून जेवू घालाचं. तो जेवला म्हणजे पितर जेवला. माझे मायबाप मोठ्या भावाकडं जेवतात. मंग तो म्हणे, या चार घागरी कोणाच्या? मी बोटानं दाखवत गेलो. ही माझ्या सासऱ्याची. ही लतीफ खलाशाची. ही तुझ्या बहिणीच्या सासूची. अन् ही जर्मनच्या पाणबुडीवाल्याची. तो उठला अन् पंख्याखाली जाऊन बसला. त्याले वाटलं बुढ्याले ऊन लागलं.

त्याचं काय चुकलं? मलेबी पयल्यांदा असंच वाटलं होतं.

मामाजी, तुझा बाप, हिंगणीचा भाजीवाला माणूस. तो समुद्रावर गेलता हे मले लग्नाआधी कोणी सांगतलं नाई. सांगतलं असतं तं मी जरा तयारीनं आलो असतो. जवानीत तो जिनिंगमध्ये कामाले होता. कापसाच्या गाठीसंगं मालगाडीनं मुंबईच्या गोदीत गेला, गाठी जहाजावर चढवल्या अन् वापस याच्याऐवजी सोताच चढला. मोठ्या लढाईचे दिवस होते. खलाशी कमी पडत, हातपाय धड असलेला कोणीबी चाले. त्याले जहाजाच्या भंडाऱ्याच्या, म्हणजे रांधणाऱ्याच्या हाताखाली टाकलं. हिंगणीले वांगे तोडणारा माणूस समुद्रात आलू सोलाले बसला.

आपल्या सपरीत बसून तो सांगे ते मले अजून ऐकू येते. मालाची जहाजं एकटी जात नसत, काफिल्यानं जात. तोफवाली जहाजं पुढं अन् बाजूले, मालवाली मधात. अंधार पडला का दिवा नाई, बिडी नाई, खोकलाबी दाबून. अन् चाल कोणाची? सगळ्यात धीम्या जहाजाची. जोराचं जहाज एकटं पुढं निंघालं का गेलंच समजाचं. पाणबुडी खालून लांडग्यावाणी मागं राहे. तिले सिपायाच्या जहाजाचं एवढं अप्रूप नाई. तिले पायजे गहू नेणारं, तेल नेणारं, कापूस नेणारं जहाज. मामाजी विचारे, आलू सोलणाऱ्यानं कोणाचं का बिघडवलं? तं लतीफनं त्याले समजावलं होतं. लतीफ रत्नागिरीकडचा, भट्टीत कोळसा टाकणारा. तो म्हणे, सिपाई मारले तं दुसरे येतात. पण भाकर बुडवली का मागचा सगळा मुलूखच उपाशी बसते.

त्यायचं जहाज इंजन बिघडून मागं पडलं. काफिला थांबला असता तं सगळेच गेले असते, म्हणून बाकीचे पुढं गेले. मामाजीनं त्यायले कधी दोष दिला नाई. भर दुपारी टारपेडो लागला. मामाजी म्हणे, आवाज मागून आला, पयले आलूच वर उडाले. हे वाक्य तू एवढ्या वेळा सांगतलं का गल्लीतले पोट्टे तुझ्या आधी म्हणत, "पयले आलूच उडाले, आजी!" अन् तू त्यायले खोटं-खोटं मारत जाय.

मंग ते होडीत उतरले. जहाज गेलं. त्या जागी पाणी फुगलं अन् काळी पाणबुडी बाजूलेच वर आली. सगळ्यायनं डोळे मिटले, आता बंदूक चालणार. वरच्या झाकणातून एक पोरसवदा साहेब निंघाला. दाढी वाढलेली, अंगात बनियन, डोळे लाल, खोकून राह्यलेला. मामाजी म्हणे, तो आमच्यापेक्षा बिमार दिसत होता. त्यानं जहाजाचं नाव विचारलं, माल कोणता होता ते विचारलं, जमीन कोणीकडं आहे ते हातानं दाखवलं. अन् पाण्याचा एक डबा होडीत उतरवून दिला. मंग झाकण लावलं अन् गेला खाली.

ते पाणी झाकण-झाकण वाटून पेत ते लोक किनाऱ्याले लागले. लतीफ नाई लागला. त्याले तहान सोसली नाई, तो खारं पाणी पेला. गेला तेव्हा त्याचं डोकं मामाजीच्या मांडीवर होतं. मामाजी घरी आला तेव्हापासून दर अखजीले दोन घागरी जास्तीच्या भरत राह्यला, एक लतीफची अन् एक त्या बनियनवाल्याची. मामाजी म्हणे, पाण्याखाली राहणारे कितीसे घरी गेले असतीन? तेबी पोरं कुठंतरी बुडालीच. त्याले पोरगा नाई, एकटी तू. तो गेला तं ह्या दोन घागरीबी तुझ्या मागोमाग माझ्या घरी आल्या. दुसऱ्यायच्या बायका माहेराहून भांडे आणतात.

लतीफच्या घागरीले मी कधी नाई म्हटलं नाई, तू साक्षी आहे. भावकीतल्या एकानं नाक मुरडलं, मुसलमान माणूस आपल्या पितरात कसा म्हणून, तं त्याले मीच म्हटलं का तहानेनं मेलेल्याले पाणीच पायजे, तू आपला वडा खा अन् घरी जाय.

पण दुसरी? वा रे वा. जहाज फोडाचं, माणसं माराची, अन् वरून आपण त्याले वाळ्याचं पाणी पाजाचं.

आपलं हे भांडण आठवलं का मले अजून हासू येते. दरसाल तेच शब्द, तेच सूर. तू म्हणे, "त्यानं पाणी दिलं म्हणून बाबा वाचला. बाबा वाचला म्हणून मी आहो."

"अन् जहाज कोणं फोडलं? तुह्या मावशीनं?"

"ते त्याचं काम होतं."

"मंग पाणी देणंबी कामच असंल."

"नाई. ते काम नव्हतं. म्हणून तं घागर."

इथं मी अडके. अडकलो का आवाज वाढवे. म्हणे, घर पेटवून मागून बादली आणून देणाऱ्याच्या गळ्यात कोणी हार घालते का? तू शेवया वळता वळता म्हणे, हार कोण घालून राह्यलं, पाणीच तं ठेवतो. भांडताना तुझे हात कधी थांबले नाईत. माझे थांबत. म्हणून दर अखजीले माझं काम अर्धं राहे अन् तुझं भांडण पूर्ण होये.

मधात एक साल तं आपण कापसाच्या गाठीवरून भांडलो. मामाजी म्हणे का होडीत चढाच्या आधी तो तरंगणाऱ्या गाठीले धरून होता, अन् ती गाठ आपल्याच इकडची असंल. मी म्हटलं गाठ तरंगतच नाई. तू उशीतला कापूस काढून हौदात टाकला. मी म्हटलं ही गाठ नाई, हा कापूस आहे, गाठ दाबलेली राहते. तू त्याच कापसावर बसून त्याले दाबला. ती उशी नंतर कधी उशी झाली नाई. त्या वर्षी मी गमछा गुंडाळून डोक्याखाली घेतला, पण गाठ तरंगते असं कबूल केलं नाई. आजबी करत नाई.

तुझ्या बापाचा काफिला तू आपल्या गावच्या रस्त्यावर आणला, हे मात्र मानाच लागीन. तेव्हा भाजी घेऊन आपण बंड्यायनं सेलूच्या बाजाराले जात होतो. जंगलाच्या कडेचा रस्ता, पहाटेचा टाइम, जनावराचं भेव. जो तो आपापली बंडी दामटे. जो पयले पोचला त्याच्या वांग्याले भाव. तू आली अन् बायायले जमवून कायदा केला, सगळ्या बंड्या संगं निंघतीन अन् सगळ्यात धीम्या बैलाच्या चालीनं चालतीन. माझे बैल गावात नंबर एक. अन् सगळ्यात धीमा बैल कोणाचा? नथ्थूचा.

नथ्थू. आपला धुरेशेजारी, दोघायच्या वावराचा बांध एकच. त्याचा एक बैल लंगडा अन् दुसरा त्याच्यावर गेलेला. त्या बैलाच्या शेपटीमागं माझे बैल मान खाली घालून चालत, जशे काही मयतीले निंघाले. मी दात खाऊन तुले म्हणे, या नथ्थूच्या पायी माझा पालक सुकून राह्यला. तू बंडीत सांबाराच्या, कोथिंबिरीच्या जुड्यावर बसून म्हणे, सुकू द्या, बुडाला तं नाई ना. त्या रस्त्यावर कोणाची बंडी एकटी पडली नाई, कोणाले जनावरानं धरलं नाई, हे खरं आहे. पण भाव पडला हेबी खरं आहे. दोन्ही लिहून ठेवतो.

अन् हाच नथ्थू नहराचं पाणी सुटलं का माझ्या बारीत माझा पाट फोडे. मंग मी त्याचा फोडे. पयले कोणं फोडला यावरून आमचं बोलणं बंद झालं, बैल गेले, बंड्या गेल्या, टेंपो आले, तरी बंदच राह्यलं. पाणबुडी हे नाव त्याले तूच दिलं. दिसत नाई, आवाज नाई, सकाळी पाहाव तं आपले वांगे वाळलेले अन् त्याचे टमाटर चिखलात. मी म्हणे, आता एक काय ते ठरव. तो काफिल्यातला आहे का पाणबुडीवाला? तू म्हणे, "दोन्ही आहे. तुमीबी दोन्हीच आहा, फक्त तुमचे बैल चांगले."

मंग ते साल आलं जेव्हा पाणबुडीवाल्याच्या पाटावर जेवाले बसणारा कोणी भेटेना. आधी बसे तो म्हतारा वारला होता अन् दुसऱ्या कोणाले शत्रूच्या जागी बसाची हौस नव्हती. मी मनात खूश, चला, सुटलो. तू पदर खोचला अन् धुरा ओलांडून गेली. मी पालकाच्या वाफ्यात बसून ऐकून राह्यलो होतो. तू त्याले तोंडावर म्हटलं, नथ्थूजी, तुमी आमचं पाणी चोरता, तं पाणबुडीवाल्याच्या पाटावर तुमीच बसा. दुसरा कोणी असता तं कुदळ घेऊन धावला असता. नथ्थूनं थोडा इचार केला अन् विचारलं, "वडे राहतीन का, वैनी?"

तेव्हापासून दर अखजीले तो माझ्या घरात माझ्या पाटावर माझ्या पैल्या धारेच्या तेलातले वडे खाये, अन् मी वावरात बोरीच्या झाडाखाली कांदा-भाकर. तसं मीच ठरवलं होतं, कोणी हाकललं नव्हतं. तू पन्ह्याचा गडवा मात्र पाठवे. त्याच्यावर फडक्यात दोन वडे बांधलेले राहत. मी कधी विचारलं नाई कोणाचे अन् तू कधी सांगतलं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मले घागरीपाशी नेऊन दाखवे. पाणी उतरलेलं राहे. "पाहा, पेऊन गेला." मी म्हणे, नवी घागर पाझरते, येडे, कुंभाराले विचार. तू म्हणे, कुंभाराले का समजते.

या फाल्गुनात तुझ्या अंगावर सूज आली. सेवाग्रामले भरती केलं. डॉक्टरबाई चांगली होती, मले बसवून समजावलं का आजी जास्त पाणी पेली तं ते छातीत भरीन. मोजून द्या. मी मोजून दिलं. जन्मभर वांग्याले बारी-बारीनं पाणी दिलं तसं तुले दिलं, बाटलीच्या झाकणानं. तुले रडू यावं तं तू हासली. म्हटलं, "बाबाच्या होडीतच येऊन बसली मी. झाकण-झाकण पाणी." बाजूच्या खाटेवरच्या बाईले तू आलू उडाल्याची गोष्ट सांगतली. तिचे टाके दुखत होते, ती हात जोडून म्हणे, आजी, हासवू नका.

तिथं नथ्थू आला. एसटीनं, बायकोले, चंद्रभागाले घेऊन. मी खिडकीकडं तोंड केलं. त्यानं तुझे वठ पाह्यले, सुकलेले. तो बाहेर गेला अन् स्टीलच्या डब्यात बर्फ घेऊन आला. तुले दिला नाई. आधी सिस्टरले विचारलं, बाई, एक खडा चालते का? ती म्हणे, एक चालते, बारीक. त्यानं बोराएवढा खडा निवडला, धुतला, तुझ्या जिभेवर ठेवला. तू डोळे मिटले. मी तुले नवी नवरी पाह्यली, बाळंतीण पाह्यली, पण एवढ्या सुखाचं तोंड कधी पाह्यलं नाई. एक डोळा उघडून तू मले म्हटलं, "पाहा. पाणबुडी वर आली. डबा घेऊन."

नथ्थू हासला. चंद्रभागा हासली. बाजूची बाई टाक्यावर हात दाबून हासली. मी खिडकीतून सायकल स्टँड पाहत राह्यलो. हासलो असतो तं मामला हातातून गेला असता.

त्याच सांजेले तू तो फास टाकला, त्याची नसंल तं माह्यीबी नोका भरू. अन् वरून, "अन् पाटावर माणूस बसवजा. नुसती घागर ठेवून हात झटकू नोका." मी म्हटलं, झोप आता. आपलं शेवटचं बोलणं तेच निंघालं. झोप आता. लोक म्हणतात शेवटी काही गोड बोलाव. आपण भांडणात राह्यलेले माणसं, आपल्यासाठी हेच गोड होतं, नाई का? तू मान हलवली अन् खरंच झोपली.

पण एक गोष्ट बोलाची राह्यली ती आता बोलतो. तो माणूस डबा न देता झाकण लावून खाली गेला असता तं तू नसती, हे मले पयल्याच अखजीले समजलं होतं. मी एवढा येडा नाई. समजलं होतं म्हणूनच चिडत होतो. माझी वाडी, आपला रमेश, वनिता, हौदात भिजलेली उशी, सगळं एका अनोळखी खोकणाऱ्या माणसाच्या डब्यावर उभं आहे, हे कोणत्या मर्दाले आवडीन? मले वाटे तुले मी आणलं, बँड लावून. अन् तू दरसाल दाखवून दे का तुले त्यानं धाडलं.

तं असो. अखजी आली. घागर भरणं सोपं होतं. पाटावर माणूस बसवणं माझ्या गळ्याशी आलं. रमेश म्हणे, बाबा, सिंदी मेघेतला माझा मित्र बसवू. मी म्हटलं, त्यानं कोणाचं काय फोडलं आहे? ज्यानं आपलं काही बुडवलं नाई तो कसा चालीन? माझ्या तोंडून तुझंच बोलणं निंघालं.

आदल्या दिवशी मी धुरा ओलांडला. नथ्थू सपरीत सांबाराच्या जुड्या बांधून राह्यला होता. त्यानं मान वर केली नाई. मी म्हटलं, "उद्या जेवाले येजो."

"कोणाच्या पाटावर?"

"दरसालच्या."

"नाई बसत."

मले डोळ्यासमोर तू दिसली, भरलेल्या घागरीपाशी तोंड फिरवून बसलेली, वठ तसेच सुकलेले. तू हट्टी, खरंच पेली नसती.

त्यानं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. मंग म्हणे, "वैनी बलावे तं मी येत होतो. तिले तो हक होता, तिचा बाप होता होडीत. तुह्या सांगण्यावरून मी काऊन पाणबुडीवाला बनू? पाट का मी एकट्यानंच फोडला?"

"पयले तू फोडला."

"पयले तू."

आतून चंद्रभागा म्हणे, "पयले कोणीबी फोडला असंल, आता नहर बुजून राह्यला अन् दोघायच्या तोंडात दात नाईत."

मंग नथ्थूनं जुडी टोपल्यात टाकली. "असं कर. मी लतीफ बनतो. त्या पाणबुडीवाल्याच्या पाटावर तू बस. उभा जन्म त्या माणसाले शिव्या दिल्या, आता एक रोज त्याच्या जागी बसून जेवून पाय."

मी म्हटलं, अन् हिच्या पाटावर? सवाष्ण पायजे. चंद्रभागा पदराले हात पुसत बाहेर आली. "मी येतो. तिच्या पाटावर बसाची दुसऱ्या कोणाची हिंमत आहे?"

तं काल असं झालं. पळसाच्या पत्रावळी मांडल्या. मामाजीच्या पाटावर रमेश, लतीफच्या पाटावर नथ्थू, तुझ्या पाटावर चंद्रभागा, तुझंच हिरवं लुगडं नेसून. अन् तिच्या बाजूले मी. पाटावर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं का आपण दोघं कधी बाजूबाजूले बसून जेवलोच नाई. लग्नात एकमेकायले घास भरवला तेवढंच. मंग तू वाढे अन् मी जेवे, अन् माझं झाल्यावर तू चुलीपाशी बसे. काल पयल्यांदा तुझ्या पंगतीले बसलो, तेबी तुझा नवरा म्हणून नाई, तुझ्या बापाचं जहाज फोडणारा म्हणून. तुले यातून जे सुख भेटलं असंल ते मले इथूनच दिसून राह्यलं.

चंद्रभागानं तुझी नक्कल काढली. माझ्या पत्रावळीकडं पाहून म्हणे, "अवो जर्मनवाले, लाजू नोका, वडा घ्या आणखी." वनिताच्या हातातला झारा हालाले लागला, एवढी हासली. तिचा पुण्याचा भाऊ, तोबी उंबऱ्यात येऊन बसला अन् लतीफले म्हणजे नथ्थूले विचाराले लागला का जहाजावर जेवाले काय राहे. नथ्थूनं बिनधास्त सांगतलं, आलूच आलू.

जेवणं झाली. वनिता हात जोडून एकेकापुढं गेली. तृप्त झाले का? रमेश म्हणे, झालो. नथ्थू म्हणे, झालो, माय. चंद्रभागानं लुगड्याच्या पदरानं डोळे पुसले अन् मान हलवली. मंग वनिता माझ्यापुढं आली. "तृप्त झाले का?"

मी म्हटलं, "नाई."

रमेशले वाटलं बुढा आता पत्रावळ उधळते. मी म्हटलं, "जहाज फोडणाऱ्याले तृप्त व्हाचा हक नाई. पण पाणी गोड आहे. आणखी दे."

वनितानं त्याच्या घागरीतून गडवा भरला. मी पेलो. वाळ्याचा वास आला. मी त्याच्या घागरीत वाळा टाकला नव्हता, मुद्दाम टाकला नव्हता, तेवढं तरी भांडण ठेवाव म्हणून. वनिताकडं पाह्यलं तं ती भिंतीकडं पाहून राह्यली. सून तुझीच आहे.

जाताना नथ्थू म्हणे, हा माणूस मेलेल्याच्या नावानंबी भांडते. मी म्हटलं, पुढच्या अखजीले तुही बारी. तो म्हणे, बारी तुहीच आहे, पण पाहू. एवढं आमचं बोलणं झालं. एवढ्या सालात एवढं झालं नव्हतं.

आज सकाळी उठून पयले घागरीपाशी गेलो. नवी घागर पाझरते, हे मी तुले दरसाल सांगतलं अन् आजबी सांगतो. तुझी चांगली उतरली होती. त्याची तुझ्याहून जरा जास्तच. दोन्ही काठोकाठ भरून ठेवल्या. एवढी तहान होती तं पयलेच सांगाचं होतं, बाप्पा.